नगरीला ‘तू’ म्हणणारी कविता

घराच्या भिंतींना गिलावा होतो, वरून चुन्याचा हात फिरतो, सगळं घर उजळून निघतं. फक्त दारातून आत शिरताच समोर येणाऱ्या भिंतीवर एक हात लांब आणि एक हात रुंद असा चौकोन तसाच सोडलेला असतो. आतला खडबडीत थर उघडा. गवंडी विसरलेला नसतो, घरधन्यानेच त्याला तसं सांगितलेलं असतं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं हे माप, मराठीत ज्याला ‘हात’ म्हणतात तेच, ज्यूंच्या धर्मचर्चेच्या महाग्रंथात, म्हणजे तालमूदमध्ये, नोंदवून ठेवलेलं आहे. यरुशलेमचं मंदिर पडलं, त्याची ही खूण. धार्मिक ज्यूंच्या घरात ती आजही पाहायला मिळते.

या चौकोनामागची हकिकत तालमूदमध्ये त्याच पानावर आहे. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने दुसरं मंदिर जाळलं, तेव्हा अनेकांनी मांस आणि मद्य सोडलं. वेदीवर ज्याचा नैवेद्य होत असे ते आता आम्ही कसं खावं, हा त्यांचा सवाल. रब्बी (म्हणजे धर्मपंडित) योहोशुआ त्यांच्याशी बोलायला बसले. मग भाकरीही सोडा, ते म्हणाले, धान्याचं अर्पणही थांबलंच आहे. लोक म्हणाले, फळांवर राहू. फळंही तिथे वाहिली जात. बरं, इतर फळं खाऊ. मग पाण्याचं काय? सणाला वेदीवर पाणीही ओतलं जाई. इथे लोक गप्प झाले. तेव्हा रब्बींनी त्यांना समजावलं: अजिबात शोक न करणं शक्य नाही, आणि झेपणार नाही इतका शोक समाजावर लादणंही शक्य नाही. म्हणून घर रंगवा, पण थोडी जागा सोडा. जेवण रांधा, पण एखादा पदार्थ कमी करा. बाईने नटावं, पण एखादा दागिना काढून ठेवावा.

या सगळ्याला आधार म्हणून तालमूद पुढे करतो ती एक कविता. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं १३७वं स्तोत्र. बाबिलोनच्या नद्यांकाठी बसलेल्या कैद्यांचं हे गाणं. त्याच्या मध्यावर कवी एकाएकी आपल्या श्रोत्यांकडे पाठ फिरवतो आणि शेकडो कोसांवरच्या उद्ध्वस्त शहराशीच बोलू लागतो. तो त्याला ‘तू’ म्हणतो, तुला विसरलो तर माझं काय व्हावं ते शपथेवर सांगतो. एका कवीच्या तोंडची शपथ लाखो घरांतल्या भिंतींवर उतरली. लग्नमंडपात नवरदेव पायाखाली काचेचा पेला फोडतो तोही त्याच शपथेला स्मरून, आणि अनेक लग्नांत त्याआधी त्या ओळी म्हटल्याही जातात.

तनाखमधल्या, म्हणजे हिब्रू बायबलमधल्या, काव्यातली यरुशलेम समजून घ्यायची तर हे ‘तू’ पकडून ठेवावं लागतं. या कवींनी शहराचं वर्णन फार थोडं केलं आहे. गल्ल्या कशा होत्या, बाजारात काय विकलं जाई, घरांची छपरं कशी असत, यातलं जवळजवळ काहीच त्यांच्या कवितेत सापडत नाही. ते शहराविषयी बोलण्यापेक्षा शहराशी बोलतात. तिची विचारपूस करतात, तिला रागावतात, तिची समजूत घालतात, तिला ऊठ म्हणतात. आणि ज्याच्याशी बोलता येतं त्याच्याशी दुरूनही बोलता येतं. मंदिर दोनदा पडलं, लोक जगभर पांगले, तरी हा संवाद तुटला नाही, याचं मोठं श्रेय या काव्याच्या घडणीला द्यायला हवं.

भाषेनेही इथे हात दिला. हिब्रूत शहराला ‘ईर’ म्हणतात आणि हा शब्द स्त्रीलिंगी आहे. त्यामुळे शहराला लेक म्हणणं, आई म्हणणं, विधवा म्हणणं हिब्रू कवीला सहज जमतं. मराठीत ‘शहर’ नपुंसकलिंगी, ‘गाव’ बहुधा तसंच. ‘नगरी’ म्हटलं तरच ती ‘ती’ होते. मराठी बायबलमध्ये ‘सियोनकन्या’ असा शब्द येतो; सियोन हे यरुशलेमचंच काव्यातलं नाव. नावाचंही एक गुपित आहे. ‘यरुशलायिम’ असा जो पारंपरिक उच्चार आहे त्याचा शेवट हिब्रूतल्या द्विवचनासारखा आहे, संस्कृतात असतं तसं द्विवचन. रब्बींनी त्यातून दोन यरुशलेम वाचल्या: एक जमिनीवरची, एक आकाशातली.

जमिनीवरची मात्र लहानच होती. राजा दाविदाने इ.स.पू. १००० च्या सुमाराला जिंकलेलं गाव ज्या डोंगरसोंडेवर होतं तिचा विस्तार जेमतेम १५ एकरांच्या घरातला. आश्चर्य वाटेल, पण बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांत, म्हणजे तोरात, यरुशलेम हे नाव एकदाही येत नाही. पुढे मात्र ते सहाशेहून अधिक वेळा येतं. गावाला नदी नाही, आसपासच्या टेकड्या मंदिराच्या टेकडीहून उंच. मंदिराची टेकडी सुमारे ७४० मीटर, तर समोरचा जैतुनाचा डोंगर ८०० मीटरच्या वर.

आणि तरी ४६वं स्तोत्र या शहरात आनंदाने वाहणारी नदी पाहतं. ४८वं स्तोत्र सियोनची तुलना साफोनशी करतं. साफोन हा सीरिया-तुर्कस्तानच्या सीमेवरचा १७०० मीटरहून उंच पर्वत, कनानी लोकांच्या बाल देवाचं निवासस्थान. १९२९ पासून सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामरा इथे उत्खनन झालं, मातीच्या पाट्यांवर कोरलेल्या बाल देवाच्या कथा हाती आल्या, तेव्हा ‘साफोन’ हा शब्द किती धाडसाने उचलला होता ते कळलं. शेजाऱ्यांच्या देवाचा सगळ्यात उंच पर्वत या कवीने आपल्या बुटक्या टेकडीला देऊन टाकला.

नदीचं काय? शहरापाशी होता तो गिहोन नावाचा एक झरा, तोही तटाबाहेर. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब चाल करून आला. त्या सुमाराला हिज्किया राजाने खडकातून ५३३ मीटर लांबीचं भुयार खोदवून झऱ्याचं पाणी आत वळवलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. दोन टोकांनी दोन टोळ्या खोदत निघाल्या होत्या. मधला खडक थोडासा उरला तेव्हा एकमेकांच्या हाका ऐकू आल्या आणि पाणी वाहू लागलं, हे त्या भुयाराच्या भिंतीवरच कोरून ठेवलेलं होतं. १८८० मध्ये पाण्यात खेळणाऱ्या मुलाला तो लेख सापडला. आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. त्यात राजाचं नाव नाही, देवाचंही नाही. अंधारात पहारीने खडक फोडणाऱ्या माणसांचा तो शब्द आहे. कवीची नदी आणि या मजुरांचं पाणी शेजारी शेजारी ठेवून वाचावं. तहानलेल्या, वेढा पडलेल्या शहरात वाहत्या पाण्याचं गाणं काय मोलाचं असतं ते मग उमगतं.

यात्रेकरूंची गाणी वेगळी. स्तोत्रसंहितेच्या १५० स्तोत्रांत १२० ते १३४ ही पंधरा एकाच मथळ्याखाली येतात: ‘चढणीची गीतं’. पेसाह, शावुओत आणि सुक्कोत या तीन सणांना लोक डोंगर चढून यरुशलेमला येत, त्या वाटेवरची ही गाणी असावीत. मिश्नामध्ये, म्हणजे तालमूदच्या पायाशी असलेल्या धर्मसंहितेत, आणखी एक संगती दिलेली आहे. मंदिरात स्त्रियांच्या चौकातून आतल्या चौकाकडे पंधरा पायऱ्या जात, आणि सुक्कोतच्या रात्री वीणा, झांजा, तुताऱ्या घेतलेले लेवी, म्हणजे मंदिराचे सेवेकरी, त्या पायऱ्यांवर उभे राहून गात. पंधरा पायऱ्या, पंधरा गीतं.

यातल्या १२२व्या गीतावर थोडं थांबायला हवं. यात्रेकरू वेशीत येऊन पोचला आहे, पाय दाराच्या आत आहेत. शहर पाहून त्याला एकच गोष्ट सांगावीशी वाटते: ते एकसंध, जोडून बांधलेलं आहे. साधी गोष्ट. दाटीने, भिंतीला भिंत लावून उभी असलेली घरं डोंगरदऱ्यांतल्या वस्तीवरून आलेल्या माणसाच्या डोळ्यांत भरणारच. पण त्या एका शब्दाचं धातुरूप ‘ह-ब-र’ आहे, आणि त्यातूनच हिब्रूत ‘हावेर’, म्हणजे सोबती, हा शब्द येतो. तालमूद दोन आहेत; त्यांतल्या यरुशलेमच्या तालमूदने त्यावरून अर्थ लावला: सगळ्या इस्राएलाला एकमेकांचे सोबती करणारं हे शहर. बाबिलोनच्या तालमूदमध्ये रब्बी योहानान दुसरीकडे वळतात. जोडलेलं म्हणजे तिला जोड आहे, वर आकाशात. आणि देवाने म्हणे ठरवलं आहे की खालच्या यरुशलेमेत पाऊल टाकल्याशिवाय वरच्या यरुशलेमेत जायचं नाही.

स्वर्गातल्या नगरीची कल्पना इतरांनीही केली. पण देव स्वतःच्या घराबाहेर ताटकळत उभा आहे, कारण माणसांचं घर अजून बांधून झालेलं नाही, ही कल्पना हृदयाला हात घालते. एका क्रियापदाच्या मुळातून ती उगवली, हे हिब्रू वाचनपरंपरेचं खास वैभव.

त्याच गीतात पुढे शहराच्या क्षेमकुशलाची चौकशी करायला सांगितलं आहे, आणि तिथे ‘श’ आणि ‘ल’ हे वर्ण शब्दामागून शब्दात घुमत राहतात, कारण ‘शालोम’ आणि ‘यरुशलायिम’ यांचा ध्वनी एकच. कुठलंही भाषांतर हा नाद आणू शकत नाही. मराठी वाचकाने ती ओळ एकदा तरी कुणाकडून हिब्रूत म्हणवून घ्यावी.

इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने तट पाडले आणि मंदिर जाळलं. त्यानंतरचं काव्य म्हणजे ‘एखा’, मराठी बायबलमधलं ‘विलापगीत’. ‘एखा’चा अर्थ ‘कसं!’ किंवा ‘कशी!’ ग्रंथाचा पहिलाच शब्द हा, उत्तर न मागणारा. परंपरेने हा ग्रंथ यिर्मया संदेष्ट्याच्या नावावर आहे. अभ्यासकांना त्यात एकाहून अधिक आवाज ऐकू येतात. पाच अध्याय, पाच शोकगीतं. शहर रात्री एकटी रडणारी विधवा आहे, आणि पहिल्या अध्यायात पाच वेळा सांगितलं जातं की तिचं सांत्वन करायला कुणी नाही.

या आक्रोशाची बांधणी मात्र अक्षराअक्षराने केलेली आहे. हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरं. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात २२ कडवी, आणि प्रत्येक कडवं क्रमाने पुढच्या अक्षराने सुरू होतं. तिसऱ्या अध्यायात प्रत्येक अक्षराला तीन ओळी, एकूण ६६. पाचव्यात ओळी २२ आहेत, पण अक्षरांचा क्रम सुटलेला आहे, जणू रडणाऱ्याचा दम संपला. शोक करायचा तर ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत, काही सुटता कामा नये, आणि कुठेतरी तो थांबलाही पाहिजे. वर्णमाला संपते, म्हणून कविता संपू शकते.

आणि या क्रमात एक विलक्षण गोष्ट दडली आहे. नेहमीच्या वर्णमालेत आधी ‘आयिन’ येतं, मग ‘पे’. पहिल्या अध्यायात तसंच आहे. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या अध्यायात मात्र ‘पे’ आधी आणि ‘आयिन’ नंतर. ‘आयिन’ म्हणजे डोळा, ‘पे’ म्हणजे तोंड. तालमूदमधल्या रब्बींनी यावर भाष्य केलं: मोशेने कनान देशात पाठवलेल्या हेरांनी डोळ्यांनी पाहण्याआधी तोंडाने बोलण्याचं पाप केलं होतं, म्हणून इथे तोंड डोळ्याच्या पुढे गेलं. पुरातत्त्वाने वेगळं उत्तर दिलं. इझबेत सर्ता आणि कुंतिलेत अज्रूद इथे सापडलेल्या प्राचीन मुळाक्षरांत ‘पे’ खरोखरच ‘आयिन’च्या आधी आहे, तेव्हा असाही क्रम चालत असे. दोन्ही उत्तरं जपून ठेवावीत. पहिलं कवितेच्या वाचकांविषयी सांगतं, दुसरं तिच्या लेखकाविषयी.

ज्यूंच्या आव महिन्याच्या नवमीला, म्हणजे मंदिर पडल्याच्या शोकदिनी, साधारण जुलै-ऑगस्टमध्ये, सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळी) दिवे मंद करून, चामड्याच्या वहाणा न घालता, लोक जमिनीवर किंवा बुटक्या चौरंगावर बसतात आणि ‘एखा’ हलक्या, खालच्या सुरात वाचली जाते. शेवटची ओळ फार कठोर आहे. म्हणून ती वाचून झाली की मंडळी तिच्या आधीची, परत घे म्हणून आळवणारी ओळ पुन्हा मोठ्याने म्हणतात. कवीचा शब्द त्यांनी बदलला नाही, पण त्याच्यावर थांबायलाही नकार दिला.

१३७व्या स्तोत्राच्या शेवटाबद्दल मात्र अशी सोय नाही. नद्यांकाठच्या करुण सुरुवातीमुळे ते जगभर गायलं गेलं, पण त्याचा शेवट शत्रूच्या तान्ह्या मुलांच्या मृत्यूची इच्छा करतो. पुष्कळ संकलनांत हा भाग गाळलेला असतो. तो गाळू नये. ज्यांच्या डोळ्यांदेखत आपली लेकरं मारली गेली त्यांच्या तोंडचा तो शब्द आहे. तो ऐकून अंगावर काटा यावा, आणि त्याला आज्ञा मात्र मानू नये. अनेक ज्यू घरांत आठवड्याच्या इतर दिवशी जेवणानंतरच्या प्रार्थनेआधी हे स्तोत्र म्हणतात आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, त्याच्या जागी १२६वं, परतीच्या आनंदाचं. दोन स्तोत्रांची ही अदलाबदल घरातल्या लहान मुलालाही पाठ असते.

‘एखा’च्या एकट्या विधवेला उत्तर मिळालं ते यशयाच्या ग्रंथात, चाळिसाव्या अध्यायापासून पुढे. तिथली सुरुवातच ‘सांत्वन करा’ या शब्दाच्या दुहेरी उच्चाराने होते, आणि ‘एखा’त जो धातू नकारात येत होता तोच आता आज्ञार्थात येतो. आव नवमीनंतरचे सात शब्बाथ या अध्यायांतले सांत्वनाचे वेचे सिनेगॉगमध्ये वाचले जातात. देवाने मला टाकलं असं सियोन म्हणते, तेव्हा तिला उत्तर मिळतं की तिचं चित्र त्याच्या तळहातांवर कोरलेलं आहे. सोळाव्या शतकात ‘सफेद’ नावाच्या गावच्या श्लोमो अल्काबेत्स यांनी ‘लेखा दोदी’ हे शुक्रवार संध्याकाळचं गीत रचलं, त्यातली बरीच कडवी याच अध्यायांतले शब्द घेऊन थेट यरुशलेमशी बोलतात.

बायबलचं पुस्तक बंद झालं तरी ‘तू’ थांबलं नाही. १९५६ मध्ये मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या अकराव्या गुहेत स्तोत्रांची एक मोठी गुंडाळी सापडली. तिच्यात ओळखीच्या स्तोत्रांबरोबर एक अनोळखी कविताही होती, वर्णमालेच्या क्रमाने रचलेली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सियोनला उद्देशून. आणि बाराव्या शतकात स्पेनचे कवी आणि वैद्य यहूदा हालेवी यांनी सियोनला जे प्रश्न विचारले ते आव नवमीच्या विलापांत कायमचे जाऊन बसले. उतारवयात ते घरदार सोडून निघाले. कैरोतल्या जुन्या सिनेगॉगच्या गेनिझात, म्हणजे जीर्ण कागदांच्या कोठीत, त्यांच्याविषयीची पत्रं सापडली आहेत. ११४१ च्या मे महिन्यात त्यांचं जहाज अनुकूल वाऱ्याची वाट पाहून अलेक्झांड्रियाहून निघालं, इथवर ती पत्रं नेतात. त्याच वर्षी ते वारले. वेशीपाशी कविता म्हणत असताना घोडेस्वाराने त्यांना तुडवलं ही कथा सोळाव्या शतकातल्या ग्रंथात प्रथम येते. ती खरी मानायला पुरावा नाही. पण ती रचणाऱ्याला ‘तू’ म्हणणारा कवी अखेर तिच्या दारापर्यंत पोचलेला हवा होता.

मराठी वाचकाला या काव्याकडे जाण्याची एक आपल्या घरातली वाट आहे. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं आणि वाचलेल्यांतून आपला वंश वाढला, असं कोकणातल्या बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनिवार तेली’. ग्रंथ हरवले, ‘शमा’ ही प्रार्थना तेवढी तोंडात राहिली, असंही तेच सांगतात. त्यांच्यात आव नवमीच्या उपासाला नाव पडलं ‘बिरड्याचा रोजा’. शोकाच्या त्या दिवसांत मांस वर्ज्य, म्हणून बिरडं. वालासारखं कडधान्य भिजत घालायचं, मोड आणायचे, मग बोटांनी एकेक दाणा दाबून साल काढायची. अलिबागच्या वाटेवरच्या कुठल्याही स्वयंपाकघरात हे काम चालतं. यरुशलेमच्या राखेची आठवण इथे वालाच्या सालींपाशी येऊन बसली.

हिब्रू पुढे एकोणिसाव्या शतकात मराठीचा हात धरून त्यांच्याकडे परत आली. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. कीर्तनाच्या पद्धतीने बायबलमधली आख्यानं लावली जाऊ लागली. १८४६ मध्ये मुंबईत पेसाहच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ हिब्रू आणि मराठीत छापून निघाली. १८७४ च्या पुण्याच्या आवृत्तीतल्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात.

हे शहर ख्रिस्ती आणि मुस्लिम लोकांनाही पवित्र आहे आणि आज त्याच्यावरून रक्त सांडतं आहे. या कवितांचा उपयोग जमिनीच्या सातबाऱ्यासारखा करणारे लोक आहेत. त्यांनी ८७वं स्तोत्र वाचावं. तिथे मिसर, बाबिलोन, पलिष्टी, सोर, कूश ही परकी आणि पुष्कळदा वैरी असलेली राष्ट्रं मोजली जातात, आणि देव जन्मनोंदीत त्यांच्या नावापुढे लिहितो की हा इथलाच.

हग्गादाच्या शेवटी पुढल्या वर्षी यरुशलेममध्ये भेटण्याची इच्छा व्यक्त केली जाते. ही रात्र मुंबईत, पुण्यात, पनवेलला साजरी करणाऱ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या म्हटली. यरुशलेममध्ये राहणारेही त्या रात्री, तिच्याच एखाद्या गल्लीतल्या घरात जेवणाच्या मेजाशी बसून, ती म्हणतात. ते एक शब्द तेवढा जोडतात: ‘हबनुया’, म्हणजे पुन्हा बांधलेली.